दिवाळी अंकासाठी आलेला मजकूर माणसाचाच राहावा म्हणून काय काय करता येईल?

दुपारचा_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. डेमी आकार, 144 पानं, म्हणजे सोळा पानी नऊ फॉर्म. लेखक गावातले आणि गाव सोडून गेलेले: निवृत्त शिक्षक, शेतकरी, दोन-चार डॉक्टर, पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेलेली मुलं. संपादक मंडळ पाच जणांचं, सगळे हौशी.

अडचण अशी की येणारा मजकूर आता फार गुळगुळीत झालाय. ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही, परिच्छेद मापून कापलेले, आणि खाली ठेवल्यावर लेख कोणाचा होता ते आठवत नाही. वरचं नाव झाकलं तर मुख्याध्यापकांचा लेख आणि किराणा दुकानदाराचा लेख एकाच हातचे वाटतात. चॅटजीपीटी किंवा तत्सम काहीतरी वापरलंय हे कळतं, पण किती आणि कुठे ते सांगता येत नाही.

हे पकडणारं एखादं भरवशाचं साधन मराठीसाठी आहे का? आवाहनात काय लिहावं म्हणजे मुळातच असे लेख कमी येतील? आणि ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्याशी बोलायचं कसं? गाव लहान आहे, उद्या भाजीबाजारात तोंड दाखवायचंय. शिवाय आमच्याही कामात, म्हणजे टंकन, प्रुफं, यात एआय कुठवर चालेल तेही सांगा.

---

बाइट_बाइट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि आहे असं सांगून पैसे मागणाऱ्यांच्या नादीही लागू नका.

अशी बरीच शोधक-साधनं प्रामुख्याने एकच गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. ओळीनंतर ओळ अपेक्षितच शब्द येत गेले की ती म्हणतात, यंत्राचं आहे. पण साधं, नेमस्त लिहिणारा माणूसही अपेक्षितच शब्द वापरतो. जन्मभर कार्यालयात टिपण्या लिहिलेल्या माणसाची मराठी तर यंत्राहून यंत्रवत असते, ‘च्या अनुषंगाने’ आणि ‘करण्यात येत आहे’ वगैरे. त्याला दोषी ठरवाल.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम 26 टक्के ओळखला गेला आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का बसला. इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते वापरू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. जुलै 2023 मध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे 91 परीक्षा-निबंध त्यांना दिले, तर सरासरी 61 टक्के निबंधांना ती यंत्राचे म्हणाली. ही इंग्रजीची गत. मराठीत तर या साधनांचं प्रशिक्षणच तुटपुंजं आहे.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातला (ज्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं) मजकूर तसाच चिकटवलात तर साधनाला फक्त इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि तरीही ते टक्केवारी देतं! यावरून काय ते समजा.

लोक करतात अशी आणखी एक गोष्ट म्हणजे लेख चॅटजीपीटीलाच देऊन ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारणं. दुसऱ्याच्या खात्यावर काय लिहिलं गेलं याची त्याच्याकडे नोंद नसते. ते हो म्हणेल, तुम्ही जरा दटावलं तर नाही म्हणेल.

सगळे लेख एका हातचे का वाटतात, तेही सांगतो. चॅटजीपीटीमागचं प्रारूप (मॉडेल) ‘सर्वांत संभवनीय पुढचा तुकडा’, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग, निवडायला शिकतं, आणि नंतर माणसांच्या पसंतीवरून त्याला आणखी घासून सौम्य केलं जातं. त्यात मराठीचा साठा इंग्रजीच्या मानाने फार थोडा, आणि त्यातला बराचसा भाषांतरित: बातम्या, सरकारी पत्रकं, विकीलेख. म्हणून ते बोलतं बातमीच्या मराठीत. पंगतीत बसून बोलल्यासारखी मराठी त्याने वाचलेलीच कमी.

---

जुना_खिळा

बाइट यांच्याशी सहमत. पकडापकडी सोडा. तुम्ही पोलीस नाही, संपादक आहात, आणि संपादकाच्या हातात साधनं आहेत की. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेखकाच्या मागे लागून त्याच्याकडून त्याचंच लेखन काढून घेणं हे या धंद्यातलं मुख्य काम राहिलंय.

सुरुवात आवाहनापासून. ‘आई’, ‘पाऊस’, ‘बदलतं गाव’, ‘हरवलेले दिवस’ असे विषय दिलेत की यंत्राला पंगतीचं आमंत्रणच दिलंत. या विषयांवर त्याच्याकडे हजारो पानांची पेंड तयार आहे. विषय इतका अरुंद करा की ज्याने ते पाहिलंय त्यालाच लिहिता येईल. ‘तुमच्या पेठेतलं बंद पडलेलं एक दुकान: तिथे काय मिळायचं, कशात बांधून द्यायचे, उधारीची वही कशी ठेवायचे, शेवटचं गिऱ्हाईक कोण’ असा. किंवा ‘घरातली एक वस्तू जी दुरुस्त करून करून वापरली: काय मोडलं, कोणी, कशाने जोडलं’. शब्दमर्यादा 1200 ठेवा. अडीच हजार मागितलेत की माणूस भर घालतो, आणि भर घालायला आता कष्ट पडत नाहीत.

लेख आला की पहिल्या वाचनात हातात पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही लेखात उचलून ठेवलं तर चालेल का? चालत असेल तर खाली रेघ. ‘काळाच्या ओघात बरंच काही बदललं’ ला रेघ. ‘आजीच्या हातची चव काही वेगळीच’ ला रेघ. लेखाचा तिसरा हिस्सा रेघांनी भरला तर लेख परत करायचा, आणि तो यंत्राने लिहिला की माणसाने याची चौकशीही करायची नाही. पोकळ लेख पोकळ आहे, एवढं कारण पुरे. भाजीबाजारात तोंड दाखवायची अडचणही मिटते.

उरलेल्यांचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढून वाचून पाहा. यंत्राचा हात लागलेल्या लेखात पहिल्यात विषयाची महती असते आणि शेवटच्यात तात्पर्य. मधला भाग खरा निघाला तर लेख तिथूनच सुरू करा.

आता मुख्य काम, फोन. मेल नको, फोनच. ‘एआयने लिहिलंत का?’ हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. लेखातल्याच मजकुरावर तीन प्रश्न विचारायचे, उत्तर माहीत असल्याशिवाय देता येणार नाही असे. समजा भाकरीवर लेख आलाय: ‘चुलीवरच्या भाकरीचा खमंग दरवळ, आजीच्या सुरकुतलेल्या हातांची माया’. तुम्ही विचारा: ज्वारीचं पीठ दळून किती दिवस झालेलं चालायचं? पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना कडा चिरतात. मग आजी काय करायची, उकळतं पाणी घालायची की पीठ बदलायची? पाण्याचा हात भाकरीच्या कुठल्या बाजूला फिरवायची आणि ती बाजू तव्यावर वर की खाली? ज्याने चुलीपुढे बसून पाहिलंय तो पाच मिनिटं थांबणार नाही. ‘अहो, आमच्यात ना…’ म्हणून जे सुरू होईल, ते लिहून घ्या किंवा सांगून-विचारून रेकॉर्ड करा. तोच लेख. आलेला कागद बाजूला ठेवा आणि त्यांना म्हणा, ‘हे आत्ता जे बोललात ना, हेच लिहून पाठवा, असंच्या असं.’

संत्र्याच्या बागेवर लेख असेल तर आंबिया बहार धरायचे की मृग, आणि ताण किती दिवस द्यायचे. वारीवर असेल तर दिंडी कितवी, रथापुढची की मागची, आणि मुक्कामाला पाणी कोण भरायचं. प्रश्न तुम्हाला सुचत नसतील तर तो धंदा करणाऱ्या गावातल्या माणसाला लेख वाचायला द्या. ‘हे कोणी लिहिलं? याने कधी बाग पाहिली का?’ हे तो दोन मिनिटांत सांगेल. कुठल्याही शोधक-साधनापेक्षा खात्रीचं.

---

काना_मात्रा

प्रुफांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

टंकन: हस्तलिखिताचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचलता येतो. सरळ, सुट्या अक्षराला बरा, गिचमिड अक्षराला बेकार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ख’ आणि ‘रव’ यांत गल्लत ठरलेली. तोवर ठीक, कारण या चुका दिसतात. खरा घोटाळा पुढे होतो. तो चुकांनी भरलेला मजकूर लोक चॅटजीपीटीला देतात आणि म्हणतात, ‘नीट कर.’ मग जे अक्षर लागलं नाही तिथे ते स्वतःचं वाक्य बसवतं, आणि ते इतकं सफाईदार असतं की प्रूफ वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. तेव्हा पहिलं प्रूफ नेहमी जोडीने: एकाने छापील मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट हस्तलिखितावर ठेवायचं. एकट्याने ‘अर्थ लागतोय ना’ म्हणून वाचलेलं प्रूफ आता चालणार नाही.

शुद्धलेखन: ‘तपासून दे’ असं सांगू नका, ते तपासत नाही, पुन्हा लिहितं. वऱ्हाडी माणसाचं ‘मले’ त्याचं ‘मला’ होतं, मालवणी ‘माका’ जातं, ‘व्हतं’चं ‘होते’ होतं. सांगायचं ते असं: ‘मजकूर बदलू नकोस. फक्त शंकास्पद शब्दांची यादी दे: ओळ, मूळ शब्द, सुचवणी.’ त्या यादीतून हवं ते माणसाने आपल्या हाताने फाइलीत घालायचं. बोलीतला शब्द अनोळखी वाटला तर आधी दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त किंवा मोल्सवर्थमध्ये बघा, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्या यादीतल्या निम्म्या ‘चुका’ चुका नसतातच. नियमांपुरतं बोलायचं तर 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, एवढे अठराच नियम आहेत. ते छापून टेबलावर चिकटवा.

तरीही कोणी पूर्ण मजकूर यंत्रातून काढलाच, तर आधीची आणि नंतरची फाइल वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खालच्या ‘कम्पेअर’ने शेजारी लावा. गूगल डॉक्समध्ये ‘टूल्स’खाली तीच सोय आहे. एकूण एक बदल रंगात दिसतो.

अवांतर: जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द दोन वेगवेगळ्या कोडांनी येतात. दिसायला सारखे, पण शोधायला गेलं तर एकच सापडतो. छपाईआधी दोन्ही शोधून एकसारखे करून घ्या.

---

सरळ_प्रश्न

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. वाचकाला वाचनीय मिळाल्याशी मतलब. पूर्वीही लोक सांगत आणि दुसरे लिहून घेत. मोठमोठ्यांची आत्मचरित्रं शब्दांकनानेच झाली. मग यंत्राने शब्दांकन केलं तर आभाळ कोसळतं का? ज्याला लिहिता येत नाही पण सांगण्यासारखं आहे, अशा माणसाची तर ही सोयच आहे.

---

जुना_खिळा

@सरळ_प्रश्न, रागवायचं काय, मुद्दा खरा आहे. लेखनिकाची परंपरा तर व्यासांपासून आहे. पण तिथलं दुसरं कलम विसरू नका: गणपतीने ‘लेखणी थांबता कामा नये’ म्हटलं, त्यावर व्यासांनी अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. चांगला शब्दांकन करणारा हेच करतो. कळलं नाही तर थांबतो आणि विचारतो, ‘काका, ही कुठली विहीर? तुमची की सामाईक?’ यंत्र विचारत नाही. (विचार म्हणून सांगितलं तर विचारतं, ते वेगळं.) रिकामी जागा दिसली की ते सरासरी विहीर खणून मोकळं होतं. दगडी, काठावर वड, आणि बायका पाणी शेंदताहेत. काकांच्या विहिरीला वडच नव्हता.

म्हणून लिहिता न येणाऱ्या माणसासाठी यंत्र वापरायचंच तर उलटं वापरा. ‘लेख लिहून दे’ नव्हे, तर ‘हे बोलणं वाचून मला पंधरा प्रश्न विचार, उत्तरं मी देईन, तू काही लिहू नकोस.’ पंधरातले दहा फालतू निघतील, पाच बरे असतात. ते पाच घेऊन काकांकडे जा.

---

ओवी_मोजणारा

कवितांचं काय करणार? दिवाळी अंकाला कविताच जास्त येतात, आणि यंत्राच्या सर्वांत सोप्या बळीही त्याच.

अभंग, ओवी, वृत्तबद्ध कविता असेल तर बोटांवर मोजा. मोठ्या अभंगाला चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’: सहा, सहा, सहा, चार. आणि विटेवरी-कटावरी. यंत्राचा ‘अभंग’ साधारण असा येतो: ‘विठ्ठलाच्या नामे / जीवन हे धन्य होई’. पहिला चरण सहाचा, दुसरा आठाचा, तिसरा मनाला येईल तितक्याचा. कारण बाइट यांनी म्हटलेलेच तुकडे: ते अक्षरं मोजत नाही, तुकडे जोडतं, आणि देवनागरीतलं एक जोडाक्षर म्हणजे त्याच्या लेखी अनेक तुकडे असू शकतात.

अक्षर कमी-जास्त असलं म्हणजे यंत्रच, असं मात्र नव्हे. वारकऱ्यांच्या अभंगांतही एखादं अक्षर इकडेतिकडे असतं, पण चालीवर म्हणताना ते भरून निघतं. तेव्हा नुसतं मोजू नका, टाळ घेऊन म्हणून पाहा. जीभ अडखळली की कळतं.

लेखात संतवचन आलं असेल तर पत्ता मागा. ज्ञानेश्वरीची ओवी असेल तर अध्याय आणि ओवी क्रमांक, अध्याय अठराच आहेत. तुकोबांचा अभंग असेल तर कुठली गाथा आणि अभंग क्रमांक. प्रतीप्रतीत क्रमांक वेगळे असतात, म्हणून प्रतीचं नाव हवंच. ‘तुका म्हणे’ शेवटी आलं म्हणजे तुकोबांचं झालं नाही, हे यंत्राला कळत नाही. माणसांनाही कळत नाही म्हणा, व्हॉट्सॅपवर निम्मे तुकाराम बनावटच असतात.

मुक्तछंदाला मोजपट्टी नाही. तिथे एकच: कवितेसोबत तिच्या आधीच्या खर्ड्याचा फोटो मागवा. खाडाखोड बघायला मिळते. खरं सांगायचं तर छापलेल्या कवितेशेजारी एखादा खर्डा छापला तर वाचकांनाही आवडेल.

---

दुपारचा_ग्रंथपाल

मनापासून आभार. दोन खरी उदाहरणं विचारतो, नावं अर्थात नाहीत. एक आजोबा आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, ते फोनमध्ये बोलतात आणि नातू ते चॅटजीपीटीतून ‘छान करून’ पाठवतो. दुसऱ्या एक ताई न्यू जर्सीत असतात, लिहितात इंग्रजीत आणि यंत्राने मराठी करून धाडतात. दोघांकडेही सांगण्यासारखं भरपूर आहे. त्यांना नाही म्हणायचं नाहीये.

---

काना_मात्रा

आजोबांचं सोपं आहे. नातवाला सांगा, छान करू नकोस, कच्चं पाठव. मूळ आवाजाची फाइलही हवी, साध्या रेकॉर्डरवर केलेली चालेल. बोलून टंकलेल्या मराठीत विरामचिन्हं बहुधा नसतात आणि गावांची, माणसांची नावं हमखास चुकतात, म्हणून आवाज ऐकतच दुरुस्त करावं लागतं.

विरामचिन्हांसाठी यंत्र वापरायचं तर सूचना एवढीच: ‘फक्त पूर्णविराम, स्वल्पविराम आणि परिच्छेद घाल. एकही शब्द बदलू, वाढवू किंवा गाळू नकोस.’ एका वेळी 300 ते 400 शब्द द्या, जास्त दिले की मधलं काहीतरी गुपचूप गळतं. आणि आधीची व नंतरची शब्दसंख्या ताडून पाहा. एकाचाही फरक आला तर सूचना पाळलेली नाही. संख्या सारखी आली तरी कम्पेअर करा, कारण शब्दाला शब्द बदललेला असू शकतो.

आजोबा ‘मग काय झालं,’ ‘तर तो म्हणाला,’ असं पुन्हापुन्हा म्हणतील. सगळं काढू नका. दहातले सहा काढा.

---

दोन्ही_काठ

ताईंचा प्रश्न माझ्या कामातला, भाषांतर हाच व्यवसाय आहे.

त्यांच्याकडून इंग्रजी मूळ मागवा आणि यंत्राच्या मराठीशेजारी ठेवा. पहिली तपासणी क्रियापदांची. इंग्रजीत ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून यंत्र बहुतेक वेळा ‘मी गेलो, मी म्हणालो’ करतं, आणि दोन पानांनंतर मध्येच ‘मी गेले’ येतं. सगळा लेख केवळ यासाठी एकदा वाचा.

दुसरी नात्यांची. ‘अंकल’चे काका होतात, असतात मामा किंवा आत्याचे यजमान. ‘कझिन’ सरसकट चुलतभाऊ होतो. आजी आईची की वडिलांची, हे मराठी वाचकाला दुसऱ्याच वाक्यात लागतं, इंग्रजीला पूर्ण लेखभर लागत नाही. ताईंना फोन करून एका कागदावर नात्यांचा तक्ता काढून घ्या. त्या घरात कोणाला काय हाक मारायचे तेही लिहा: अण्णा, दादा, माई, काकू. आईला अगंतुगं होतं की अहोजाहो, आणि वडिलांना? यंत्र इथे नाणं उडवतं.

तिसरी, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. चौथी, भात, तांदूळ आणि साळ: ताटातलं, डब्यातलं आणि शेतातलं. ‘राइस’ एकच. हे चार बदल केले तरी वाक्यांची चाल इंग्रजीच राहते. ‘एक घर, ज्याच्या मागे एक विहीर होती, जी उन्हाळ्यात आटायची’ हे ‘घरामागची विहीर उन्हाळ्यात आटायची’ असं बसवावं लागतं, आणि ते करायला माणूसच बसतो.

पण ताई इंग्रजीत का लिहितात ते आधी विचारा. मराठी येत नाही म्हणून, की देवनागरी टंकता येत नाही म्हणून? बऱ्याचदा दुसरंच असतं. मग त्यांना फोनवरचं मराठी बोलून-टंकन लावून द्या आणि आजोबांच्या रांगेत बसवा. खरोखर इंग्रजीतच सुचत असेल तर चांगल्या माणसाकडून भाषांतर करा आणि ‘मूळ इंग्रजी, अनुवाद अमुक’ असं छापा. त्यात कमीपणा काही नाही.

---

कलम_आणि_पोटकलम

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा 1957, कलम 2 (डी) मध्ये संगणकनिर्मित कृतीचा ‘लेखक’ म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती असं म्हटलंय. ही भर नव्वदच्या दशकातली आहे, आजचं एआय समोर ठेवून लिहिलेली नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नका. तुमच्यापुरतं महत्त्वाचं इतकंच की लेखकाकडून सहीनिशी लेखी घ्या. मसुदा देतो, हवा तसा वाकवा:

‘या लेखातील प्रसंग, माणसे, संवाद आणि मते माझी आहेत. टंकन / विरामचिन्हे / शुद्धलेखन / भाषांतर / माहितीचा शोध यांपैकी ………… यासाठी मी संगणकीय साधन वापरले. वाक्ये मी स्वतः लिहिली किंवा सांगितली आहेत. लेखातील अवतरणे आणि सनावळ्या मी मूळ ठिकाणी तपासल्या आहेत.’

यादी मुद्दाम दिलीय. ‘एआय वापरलं: होय/नाही’ असा चौकोन ठेवलात तर फोनवर बोलून टंकणारा प्रामाणिक माणूस ‘होय’ लिहून अडकेल आणि अख्खा लेख काढून घेणारा ‘नाही’ लिहून सुटेल.

दुसरं, लोकांचं अप्रकाशित लेखन फुकटच्या चॅट-साधनांत चिकटवण्याआधी त्यांची परवानगी घ्या. अनेक साधनांत तुम्ही दिलेला मजकूर पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण बंद करायला आठवण लागते. ज्या लेखात जिवंत माणसांचे आजार, भांडणं, जमिनीचे वाद आहेत ते तर तिथे नेऊच नका.

---

बाइट_बाइट

गूगल डॉक्सवर लेख मागवणार असाल तर ‘व्हर्जन हिस्ट्री’, म्हणजे केव्हा काय लिहिलं-बदललं याची नोंद, दिसते, त्यासाठी लेखकाने तुम्हाला संपादनाचा हक्क द्यावा लागतो. पण त्यावर निकाल देऊ नका. वहीत लिहून नंतर एकदम टंकणारा, बोलून टंकणारा, दुसरीकडे लिहून इथे चिकटवणारा, सगळ्यांचा इतिहास ‘एका मिनिटात हजार शब्द’ असाच दिसतो. वर्डमधल्या ‘एकूण संपादन वेळे’चंही तेच. फाइल डीटीपीवाल्याच्या हातून फिरली की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आणि हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथा मासिकाला फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्राच्या कथांच्या पुरामुळे काही आठवडे साहित्य घेणंच बंद करावं लागलं. त्यांच्याकडे त्या महिन्यात अशा सुमारे 500 कथा आल्या होत्या. तुमच्याकडे साठ-सत्तर लेख येत असतील. प्रत्येकाला फोन करता येतो, ही तुमची सगळ्यांत मोठी सोय.

---

दुपारचा_ग्रंथपाल

आवाहनाचा मसुदा केलाय, बघा: ‘विषय: पेठेतलं बंद पडलेलं दुकान, किंवा दुरुस्त करून वापरलेली वस्तू. अंदाजे 1200 शब्द. हस्तलिखित, टंकलिखित किंवा बोललेली ध्वनिफीत यांपैकी काहीही चालेल. बोलीत लिहिल्यास तशीच छापू. लेखासोबत सोबतचं निवेदन सही करून द्यावं. संपादक मंडळ लेखाबाबत दूरध्वनीवर चर्चा करेल. अंतिम तारीख 31 जुलै.’

---

जुना_खिळा

चांगलं आहे. चार दुरुस्त्या. ‘अंदाजे 1200’ नको, ‘1200 च्या आत, 500 चालतील’ असं लिहा. ‘चर्चा करेल’ याने लोक घाबरतात, ‘फोन करून अधिक विचारू’ म्हणा, आणि फोनची सोयीची वेळ लिहायला सांगा. तारीख 30 जून करा. साठ लेखकांना प्रत्येकी अर्धा तास म्हणजे तीस तासांचं बोलणं, पाच जणांत सहा-सहा तास, शिवाय ते उतरवून काढायला तिप्पट वेळ. गणपती बसायच्या आत मजकूर डीटीपीला गेला नाही तर पहिलं प्रूफ पितृपंधरवड्यात येतं, आणि मग जोडीने वाचायला कोणाला वेळ नसतो. वसुबारसेआधी अंक हातात हवा ना?

आणि संपादकीय सर्वांत शेवटी लिहा, सगळे फोन झाल्यावर. तेव्हा लिहायला भरपूर असतं. पहिल्यांदा लिहायला बसलात की ‘दिव्यांचा हा सण’ सुरू होतो, त्याला यंत्रही लागत नाही.